नळाला

अजमल धनसे भोंग्यावर बोलायला लागला की सुकट गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होतात, असं त्याची बायको कमरजहाँ म्हणायची. नवऱ्याचं एवढं एकच कौतुक ती करत असे, आणि तेही तो घरात नसताना.

त्याची रिक्षा वीर स्टेशनला लागायची. गाडी आली की माणसं भरायची, महाडात सोडायची, परत जाऊन रांगेत उभं राहायचं. हा पोटाचा धंदा. जीव होता तो दुसऱ्या धंद्यात. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटखाली बॅटरी आणि काचेच्या वरच्या पट्टीला तारेने बांधलेला माइक, बरोबर तोंडासमोर. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, पोलिओचा डोस, बंद राहणारी वीज, कुणाची हरवलेली शेळी. महाडात जे सगळ्यांना कळायला हवं ते अजमलच्या तोंडून कळत असे. दोन हजार एकवीसच्या पुरानंतर तर महिनाभर गावात दुसरा आवाजच नव्हता. जेवण कुठे मिळतंय, टँकर कुठे उभा आहे, कुणाची माणसं कुठल्या शाळेत आहेत, हे सांगत तो चिखलातून फिरत होता. त्या महिन्यात लोकांचे कान त्याच्या आवाजाला जे चिकटले ते तसेच राहिले.

त्याची एक पद्धत होती. कागद हातात आला की तो आधी शब्द गाळायचा. "सर्व नागरिकांना जाहीर आवाहन करण्यात येते की" हे पहिल्यांदा जायचं. मग "सदर", मग "तरी", मग "नोंद घ्यावी". कागदावरच्या पाच ओळींची त्याच्या तोंडात दीड ओळ होई.

"भोंग्याखालनं माणूस जातो," तो वीरला रांगेतल्या रिक्षावाल्यांना सांगायचा, "तो चार पावलं टाकेपर्यंत माझा. पाचव्या पावलाला तो त्याच्या बायकोचा. चार पावलांत मावंल तेवढंच बोलायचं."

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत चार दिवस नळ कोरडे होते. मोठी पाइपलाइन कुठेतरी वाहून गेली होती. नदी काठाला लागलेली आणि घरात प्यायला पाणी नाही, अशी अवस्था. पाचव्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, बाजार भरला. वाड्यावस्त्यांवरची माणसं रानभाज्या, कोंबड्या घेऊन खाली आली. साडेदहाच्या सुमारास अजमलच्या हातात नगरपालिकेची एक चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं: दुरुस्तीचे काम पूर्ण झाल्याने नळाला पाणी सोडण्यात आले आहे. सदर पाणीपुरवठा अर्धा तास सुरू राहील, तरी नागरिकांनी आवश्यक तो साठा त्वरित करून घ्यावा.

अजमलने ती वाचली, गाळली, आणि बाजाराच्या तोंडाशी येऊन माइक सुरू केला.

"पाणी सोडलंय! अर्धा तास हाय! लवकर करा!"

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणचं सोडतात. नळाचं आणि धरणाचं. शब्द एकच. ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना पहिलं ऐकू येतं. जे उमरठच्या वरच्या वाड्यांवरून किंवा नाते गावाच्या पलीकडून आले, ज्यांनी पाणी आयुष्यभर डोक्यावरून आणलं, त्यांना दुसरं. हे अजमलला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही. त्याच्या स्वतःच्या घरातले हंडे चार दिवस पालथे पडले होते आणि घाई त्यालाच झाली होती.

नळवाल्या बायका भाजी तिथेच टाकून घराकडे धावल्या. आपण का धावतोय हे त्यांना नीट माहीत होतं. त्यांना धावताना पाहून बाकीचा बाजार धावला. बाजारातून वरच्या आळीला चढणारी पायऱ्यांची एक बोळ आहे, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी. एकवीसला पाणी तिच्या सातव्या पायरीवर थांबलं होतं. गावाच्या पायांना ते पाठ आहे. शे-दीडशे माणसं तिथे एकदम घुसली. चौथ्या पायरीवर उमरठच्या वरच्या वाडीवरून आलेली साळूबाई बसली होती, पुढ्यात कुर्डूच्या आणि भारंगीच्या भाजीची पाटी.

सगळं मिळून सात-आठ मिनिटं चाललं. मग कुणीतरी ओरडलं, अरे नळाचं, नळाचं! माणसं हसायला लागली, एकमेकांना शिव्या देत परत फिरली. पायऱ्यांवर चपला, टोमॅटो आणि साळूबाई उरली. अकरा जणांना खरचटलं होतं. तिचा खुबा मोडला होता.

तिला दवाखान्यात नेलं ते अजमलनेच. टपावर भोंगे तसेच होते. सीटवर ती आडवी, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती म्हणत होती, "हळू रे भावा, हळू." तिचा नवरा नाथू शेरडं सोडून तीन तासांनी पोचला, तेव्हा डॉक्टरांशी बोलायला, औषधं आणायला अजमलच उभा होता. तेव्हापासून ती दोघं त्याला भाऊच म्हणायला लागली. तो दोन-तीन महिन्यांनी वर त्यांच्या वाडीवर गोळ्या घेऊन जायचा. ती त्याला तूप द्यायची. तो ते घरी आणून फळीवर ठेवायचा आणि खायचा नाही.

पेपरात आलं, अज्ञात इसमाने पसरवलेल्या अफवेमुळे बाजारात पळापळ. अजमलने ती बातमी तीनदा वाचली. त्या अज्ञात इसमाचं नाव आणि मोबाइल नंबर रिक्षाच्या पाठीवर पिवळ्या रंगात लिहिलेला होता. तरी त्याला कुणी विचारलं नाही. अफवा म्हटली की कुणीतरी वाईट माणूस दबक्या आवाजात पसरवणार, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. भर बाजारात, भोंग्यावरून, ओळखीच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीला अफवा कोण म्हणेल?

त्याने भोंगे उतरवले. गळा बसलाय, म्हणाला. महिना झाला, वर्ष झालं, गळा बसलेलाच. एक शब्द गाळला म्हणून ती बाई पडली, की तो असता तरी पडली असती? त्याला एवढंच कळायला हवं होतं. त्यावर त्याने पुन्हा माइक धरायचा की नाही हे ठरणार होतं. विचारणार कुणाला?

त्याची एकुलती मुलगी अलीशबा पुण्यात गणित शिकत होती. पुढच्या उन्हाळ्यात ती घरी आली ती लॅपटॉप, रेकॉर्डर आणि एक जाड वही घेऊन. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने विषय घेतला होता, महाडच्या बाजारातली ती पळापळ.

"गणितात बाजार कुठनं आला गो?" कमरजहाँने शेवग्याचा पाला खुडत विचारलं.

"गर्दीचं पण गणित असतं अम्मी. केऑस म्हणतात. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तर शेवटी डोंगराएवढा होतो."

"हे शिकायला पुण्याला जायला लागतं? तुझ्या आत्याचं ठरलेलं लग्न एका ताटावरनं मोडलं."

"कुणाचं ताट?"

"नवऱ्याच्या मामाचं. त्याला तुटक्या कडेचं गेलं."

अलीशबा हसली, मग गंभीर झाली. "तेच. गांधारी नदीत दोन पानं सोड, बोटभर अंतरावर. एक सावित्रीला जाऊन मिळेल, एक पुलाखालच्या भोवऱ्यात फिरत बसेल. पाणी नियमानेच वाहतं. तरी कुठलं पान कुठे जाईल ते सांगता येत नाही. कारण सुरुवात आपण कधी पुरेशी बारीक मोजतच नाही."

अजमल दारात वाकून चपला काढत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

पुढचा दीड महिना अलीशबा बाजारात फिरली. शहाण्णव माणसांना तिने विचारलं, तुम्ही का धावलात? बहुतेकांचं उत्तर एकच होतं, पुढचा धावला म्हणून. भोंग्यावरचे नेमके शब्द कुणालाच आठवत नव्हते. वहीत ती कोण कुणाला पाहून धावलं त्याच्या रेघा काढायची. एका घरातल्या तिघींची आकृती निघाली ती फांदीसारखी. मग गल्लीची काढली, मग सगळ्या बाजाराची. प्रत्येक वेळी आकार तोच, फक्त मोठा होत गेलेला. कमरजहाँने एकदा हातातली शेवग्याची डहाळी त्या पानावर ठेवली.

"हेच की. फांदीला फांदी, तिला परत फांदी. लहान बघ नायतर मोठं बघ, सारखंच."

"फ्रॅक्टल," अलीशबा म्हणाली.

"शेवगा," कमरजहाँ म्हणाली.

गर्दीला एक ओढ असते, हे अलीशबाने तेव्हाच सांगितलं. गर्दी कुठूनही सुटली, कशाही वाटेने गेली तरी फिरून त्या ओढीकडे येते. महाडची ओढ पायऱ्यांच्या बोळीकडे आहे. एकवीसच्या पाण्याने ती खणून ठेवली आहे. हे ऐकताना अजमलच्या मनात पावसाळ्यात डोंगरावरून सुटणारे ओढे येत. तेही कुणी सांगितलेलं ऐकत नाहीत.

सत्त्याण्णवावा नंबर त्याचा होता. ओट्यावर रेकॉर्डर ठेवून ती त्याच्यासमोर बसली. एरवी ती त्याला तूच म्हणायची. रेकॉर्डर सुरू झाल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी नेमके कुठले शब्द उच्चारलेत?"

रिक्षाच्या कागदपत्रांच्या प्लास्टिकमध्ये ती चिठ्ठी अजून होती. त्याने ती काढली आणि वाचून दाखवली. सगळी. नळाला या शब्दासकट.

"हेच बोललात?"

"हेच."

तिने ते वाक्य पुन्हा एकदा त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, आणि ती ध्वनिफीत घेऊन ती बाजारात गेली. तीस पावलांवरून, गलक्यात, लोकांना ऐकवली. काय कळलं, विचारलं. किती जण चुकतात ते मोजलं. तो आकडा घेऊन ती पुण्याला परत गेली.

लॅपटॉपमध्ये तिने बाजार बांधला. गल्ल्या, हातगाड्या, बोळ, सातशे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला घर, वेग आणि भीती. एका ठिपक्याला एक पाऊल इकडे सरकवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. असं हजार वेळा. हजारातून बारा वेळा बोळीत ठिपके चेंगरले. बाकी वेळा थोडी धक्काबुक्की व्हायची आणि सगळं शांत. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, जे घडलं ते तुझ्या गणितात इतकं दुर्मीळ का? सुरुवातीची माहिती तपास. तिने घरांचे नकाशे तपासले, वेग तपासले, भीतीची गणितं तीनदा बदलली. चार महिने गेले. डिसेंबरात ती घरी आली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. विषय सोडून द्यावा म्हणते, असं ती आईला स्वयंपाकघरात सांगत होती. माझंच कुठेतरी चुकतंय, मला हे जमत नाही.

अजमल बाहेर बसून ऐकत होता.

दोन दिवसांनी तिला पुण्याला जायचं होतं. वीरवरून पनवेलपर्यंत गाडीने. गाडी पाऊण तास उशिरा होती. रिक्षा रांगेबाहेर, वडाखाली लावून तो पुढच्या सीटवर आणि ती मागे, अशी दोघं बसली होती. तिच्याकडे पाठ होती म्हणूनच बहुधा त्याला जमलं.

"तो शब्द मी बोललो नाय गो."

"कुठला शब्द?"

"नळाला."

समोर एक बाई केळी विकत होती. तिने रिक्षात डोकावून पाहिलं आणि पुढे गेली.

"तुम्ही काय बोललात मग?" अलीशबाने विचारलं. तुम्ही.

त्याने सांगितलं. तेच तीन तुकडे. दीड वर्षात पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून बाहेर पडले आणि त्याला जाणवलं की ते किती छान बसतात. चार पावलांत मावतात.

तिने लॅपटॉप मांडीवर उघडला. तिचा मोबाइल त्याच्यापुढे धरून त्याच्याकडून ते तसंच, त्या दिवशीच्या सुरात म्हणवून घेतलं. मग गाडी यायच्या आत स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या वीसेक माणसांना ऐकवून आली. वाडीवस्तीवरचे होते त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी धरण म्हणून सांगितलं. ती परत येऊन बसली, आकडा बदलला, आणि दोघं जण पडद्याकडे बघत राहिली. ठिपके सुटत होते, बोळीकडे वळत होते. कधी वळता वळता पांगत होते.

"किती?" त्याने विचारलं.

"तीनशे चाळीस. हजारात."

"आणि शब्द असता तर बारा."

"हो."

"म्हणजे तेच बोलून सहाशे साठ वेळा काय झालंच नसतं?"

"नसतं. कुणीतरी चप्पल घालायला वाकलं असतं, कुणाला शिंक आली असती. तेवढ्याने गर्दी फुटली असती."

"आणि बारा वेळा मी नीट बोललो असतो तरी ती पडली असती."

"हो अब्बा."

तो बराच वेळ हँडलवर बोटं वाजवत होता. "हजार वेळा कुठं झालं गो," तो शेवटी म्हणाला. "आपल्याकडे एकदाच झालं."

गाडीची घोषणा झाली. बॅग उचलताना ती म्हणाली, "चार महिने अब्बा. मी स्वतःला मूर्ख समजत होते."

"हा."

"मला हे लिहावं लागेल."

"नाव?"

"नाव नाही. उद्घोषक असं लिहीन."

"अज्ञात इसमापेक्षा बरं," तो म्हणाला. ती हसली नाही. मग जाता जाता थांबली. "छापून यायच्या आधी त्या मावशींना सांग. मी पण येते."

मार्चमध्ये ती दोघं गेली. पोलादपूरवरून उमरठपर्यंत रिक्षाने, पुढे पायवाट. तासभराची चढण. याच वाटेवरून साळूबाईला चौघांनी झोळीत घालून वर नेलं होतं आणि त्यानंतर ती खाली उतरलेली नव्हती. वाडीत सात घरं. घरापुढच्या पडवीत तिची खाट होती. शेजारी काठी. समोर दरी, त्यात दूर एका वळणावर रस्ता चमकायचा. तिला दिसणारं जग तेवढंच होतं.

"आला काय माझा रिक्षावाला," ती म्हणाली. "ही कोण? पोरगी? बापासारखी नाय, बरी हाय."

नाथू कुडाजवळ बसून दोर वळत होता. त्याने पाणी आणलं. अजमलने ते हातात धरलं, प्यायला नाही. मग सांगितलं. त्याने लांबण लावली नाही. भोंग्यावर मी होतो, नळाचं पाणी म्हणायचं ते नुसतं पाणी म्हणालो, म्हणून पळापळ झाली.

साळूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा एक हात काठीवर गेला, पण काठी उचलली नाही.

"कसं म्हणालास? तसंच म्हण."

"कशाला साळूबाई..."

"म्हण म्हणते ना."

त्याने म्हटलं. भोंग्याशिवाय, खालच्या पट्टीत, पण तसंच. पाणी सोडलंय, अर्धा तास हाय, लवकर करा. नाथूच्या हातातला दोर सुटला. तो अर्धवट उभा राहिला आणि मग आपलं आपल्यालाच हसू येऊन परत खाली बसला.

"मी बी पळालो असतो," तो म्हणाला. "डोंगरावर बसून बी पळालो असतो."

"तू पळशीलच," साळूबाई म्हणाली. "मी नव्हते पळत. मला तर ऐकाया बी आलं नाय. मी बसलेली व्हते." मग ती अलीशबाकडे वळली. "ह्यो सांगत व्हता, तू काय त्या मशिनीत समदा बाजार घातलास म्हणं. मी हाय का त्यात?"

अलीशबाने मान डोलावली.

"दाव."

लॅपटॉप खाटेवर उघडला. साळूबाईने डोळे बारीक केले. धावणारे ठिपके तांबडे होते. बोळीच्या तोंडाशी, पायऱ्यांवर, इकडेतिकडे काही करडे चौकोन होते.

"यातली मी कंची?"

अलीशबाने पायऱ्यांवरच्या एका करड्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आन् ह्ये काय? ह्ये बी तसंच हाय."

"ती हातगाडी आहे. हा विजेचा खांब."

"मंग मी बी खांबच?"

अलीशबाच्या गणितात बसलेली माणसं, हातगाड्या, खांब यांना एकच नाव होतं, अडथळा. प्रवाह त्यांना अडून दुभंगतो, एवढंच त्यांचं काम. हे लिहिताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"मला हलव की," साळूबाई म्हणाली. "खांबाला नाय हलता येत. मला येत व्हतं. कुणी 'ऊठ' म्हणालं असतं तर मी उठले असते. एवढा गाव बोंबलला, पर मला कुणी काय बोललंच नाय."

कुडामागे शेरडं एकमेकांना ढुसण्या देत होती. नाथूनेच मग विषय काढला, अजमलकडे न बघता. "ही जात कशानं बुजंल सांगता येत नाय. वाघरू बाजूनं गेलं तरी चरत ऱ्हाते, आन् पान पडलं की उधळते. मी त्या फंदात पडत नाय. कडा कुठं हाय ते बघतो आन् कड्याच्या अंगाला उभा ऱ्हातो. बाकी जाऊ दे कुठं जायचं तिकडं."

निघताना अजमल खाटेपाशी थांबला. साळूबाईने तोंड दरीकडे केलं होतं.

"गोळ्या आणू ना पुढल्या महिन्यात?"

"आण. गोळ्यांचा काय गुन्हा, नाय म्हणायला? पर तूप नाय मिळायचं आता. आन् भाऊ म्हणून नगं येऊ."

वाट उतरताना अलीशबा पुढे, तो मागे होता. त्याला वाटलं होतं सांगून हलकं वाटेल. ते वाटत नव्हतं, आणि माफी मिळाली असती तर याहून वाईट वाटलं असतं, हेही कळत होतं.

अलीशबाचा प्रबंध मे महिन्यात पूर्ण झाला. त्याची एक प्रत पूरनियंत्रणाच्या बैठकीसाठी मागवली गेली. तिलाही बोलावलं. तिथले एक साहेब मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगा. गर्दी कंट्रोल कशी करायची?"

"नाही करता येत, सर. काही सेकंदांच्या पुढचं सांगताच येत नाही. फक्त ती कुठे चेंगरेल ते आधी कळतं. तिथे जागा मोकळी ठेवता येते. बसलेल्यांना उठवता येतं. आणि आवाज एकच हवा, ओळखीचा."

"कुणाचा?"

तिने बापाचं नाव दिलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा अजमल जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं.

"मला विचारलंस?"

"नाही."

"सगळं माहीत असून?"

"सगळं माहीत आहे म्हणूनच. तुझा आवाज ऐकून लोक थांबतात. दुसऱ्या कुणाचा ऐकून थांबत नाहीत. मी मोजलंय."

"त्याच आवाजानं पळाले गो ते."

"दोन वर्षं गळा दुखतोय ह्याचा," कमरजहाँ आतून म्हणाली. "माझ्याशी भांडताना नाय दुखत."

त्याने नाही म्हणून कळवलं. मग एका मोबाइलमध्ये कुठल्यातरी शहरातल्या बाईच्या आवाजात सूचना भरून आल्या. ती सावित्री नदी असं म्हणायची तेव्हा ती नदी महाडची वाटत नसे. दुसऱ्या एका रिक्षावर ती वाजू लागली. जूनमध्ये ती दोनदा वाजली. लोकांना सवय झाली, म्हणजे ऐकू येईनाशी झाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरला दोन दिवस पाऊस थांबून थांबून कोसळला. भरतीची वेळ होती दुपारी दोनची. दहा वाजता नदीने इशारा पातळी ओलांडली. बाजार भरलेला होता, कारण महाडात ऊन होतं. ती शहरातली बाई बाजारात फिरत होती. "नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." लोक टोमॅटो निवडत होते.

अजमल प्रवासी सोडायला आला होता. त्याने रिक्षा बाजाराच्या कडेला उभी केली आणि दहा मिनिटं नुसता बघत राहिला. गांधारीच्या बाजूला खालच्या गटारातून पाणी उलटं वर येत होतं. त्याला तो वास कळला. मग तो घरी गेला, भोंगे काढले, दोऱ्यांनी टपावर बांधले. कमरजहाँने बॅटरी उचलून आणली.

तो बाजारात फिरला नाही. सरळ पायऱ्यांच्या बोळीच्या तोंडाशी आला आणि तिथे रिक्षा आडवी न लावता भिंतीला चिकटवून लावली, एका माणसाएवढी जास्त जागा राहील अशी. बोळीत पाच-सहा बायका भाजी घेऊन बसल्या होत्या. त्याने माइक सुरू केला आणि काय बोलायचं ते त्याला सुचेना. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास येत होता. बाजार त्या श्वासाकडे वळला. भाव करणारे थांबले. न बोलल्यानेही काहीतरी होतं, हे त्याला दिसलं. एका माणसाने पिशवी उचलली होती.

"मी अजमल बोलतोय," तो म्हणाला. "हे नळाच्या पाण्याचं नाय. नदीच्या पाण्याचं हाय. धरण फुटलेलं नाय, फुटणार नाय. नदी वाढते. दोन वाजता भरती हाय. आता दहा वाजून चाळीस मिनिटं झालीत. अजून तीन तास हायत. तीन. पळायचं नाय. दुकानं आवरा, पोरांना घ्या, वरच्या आळीला चाला."

कुणीतरी ओरडलं, "अजमलभाई, आज लई लांबलं!" एकदोघं हसले. त्याला ते हसणं हवं होतं. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग बोळीतल्या पहिल्या बाईकडे बघून, माइक तसाच तोंडासमोर ठेवून म्हणाला, "मावशी, तुम्ही उठा. आधी तुम्ही. पाटी मी आणतो."

ती बाई गोंधळून उठली. तिच्यामागची उठली. बोळ रिकामी होत गेली, आणि बाजार, सगळाच्या सगळा, तिच्याकडे सरकू लागला. चालत. खालच्या टोकाला, भांड्यांच्या दुकानापाशी, एक माणूस मात्र अचानक धावायला लागला. का, ते कळत नव्हतं. त्याच्याकडे बघून आणखी दोघांनी मान वळवली.

अजमलने माइक तोंडाजवळ ओढला. "निळा शर्ट," तो म्हणाला, "भाऊ, तू. थांब जरा. काय झालं सांग मला."